पाइप केवढा, हवा केवढी: सप्तकाच्या प्रकल्प नोंदी

१९ जानेवारी

भाचीच्या शाळेत फेब्रुवारीत विज्ञान प्रदर्शन आहे. विषय तिनेच निवडला: फुंकून वाजणाऱ्या वाद्याची लांबी बदलली की स्वर का बदलतो. तक्ता रंगवून त्याच्याशेजारी उभं राहायला ती तयार नाही, पाइप कापून अख्खं सप्तक वाजवून दाखवायचं म्हणते. मी यंत्रमागाचा फिटर; करवत, कानस, व्हर्नियर हाताशीच. ती पेटी शिकते. तेव्हा मोजणं माझ्याकडे आणि ऐकणं तिच्याकडे, अशी वाटणी झाली.

कन्ना चौकातून वायरिंगचा पीव्हीसी पाइप आणला. बाहेरून २० मिलिमीटर, आतून १६. "किती खोल्यांचं काम आहे?" दुकानातल्या अण्णांनी विचारलं. "वाजवायला पाहिजे, अण्णा," भाची म्हणाली. अण्णांनी एक तुकडा उचलला, तोंडावर तळहात आपटला, मग त्याहून आखूड तुकडा घेऊन पुन्हा आपटला. "हा वरचा वाजतो की," म्हणाले. पाइपाचे पैसे घेतले, तुकडे तसेच दिले.

वहीतलं सूत्र सोपं आहे. बुडाशी बंद असलेल्या पाइपात स्वराच्या लहरीची पाव लांबी मावते, दोन्ही तोंडं उघडी असतील तर अर्धी. म्हणून तोच पाइप बुडाशी बंद केला की स्वर एक सप्तक खाली उतरतो. कमी पाइपात काम भागतं, म्हणून बंद पाइप घ्यायचे ठरले. सा म्हणून पेटीची पांढरी एक, पण वरच्या सप्तकातली, ५२३ हर्ट्झची.

२६ जानेवारी

झेंडावंदन उरकून पहिला पाइप कापला. खोलीत २४ अंश. शून्य अंशाला हवेत आवाज सेकंदाला ३३१ मीटर जातो आणि दर अंशामागे साधारण ०.६ मीटरने वाढतो, म्हणजे आज ३४६ धरायला हरकत नाही. ३४६ भागिले चार वेळा ५२३: साडेसोळा सेंटिमीटर. मुद्दाम एवढाच कापला, कशाचीही वजावट न करता. सूत्र आणि कान यांच्यात अंतर किती आहे तेच बघायचं होतं. बुडाशी लाकडी गुल्ली ठोकली, तोंडावरून आडवी फुंकर मारली.

फोनवरच्या ट्यूनरने ५०० हर्ट्झ दाखवले. पुस्तकात अर्धस्वराचे शंभर भाग करतात, त्यांना सेंट म्हणतात. त्या मापाने ८० सेंट खाली. भाचीला ट्यूनर लागलाच नाही. "मामा, हा सा नाही, नी आहे. तोपण चढलेला."

मग दुसरा पाइप बरोबर निम्मा कापला, सव्वाआठ. निम्म्या लांबीला वरचा सा लागायला हवा, म्हणजे हजार हर्ट्झ. लागले ९५५. प्रकल्पातली सगळ्यात कामाची गोष्ट मला इथेच सापडली. पाइप निम्मा झाला, आवाजाची हवा मात्र निम्मी झाली नाही. दोन्ही वारंवारतांवरून उलटं गणित केलं तर हवेची लांबी १७.३ आणि ९.०५ येते. दोन्हीकडे पाइपापेक्षा आठ मिलिमीटर जास्त. पाइप लांब असो की आखूड, हे आठ मिलिमीटर तेवढेच राहतात, म्हणून आखूड पाइपाला ते जास्त नडतात.

हे आठ मिलिमीटर असतात कुठे? तोंडाबाहेर. डोलणारी हवा पाइपाच्या काठाशी थबकत नाही, थोडी बाहेर येऊन हलते. एकोणिसाव्या शतकात लॉर्ड रेले यांनी याचं गणित मांडलं होतं. कडेला भिंत नसलेल्या मोकळ्या नळीसाठी नेमका आकडा हॅरोल्ड लेव्हिन आणि ज्युलियन श्विंगर यांनी १९४८ मध्ये काढला: त्रिज्येच्या ०.६१ पट. आपली त्रिज्या आठ मिलिमीटर, म्हणजे पाच मिलिमीटर यात गेले. उरलेले तीन भाचीच्या ओठांचे. फुंकताना ओठ तोंडाचा काही भाग झाकतात, झाकलेलं तोंड स्वर उतरवतं. ओठ जास्त पुढे घेतले की स्वर आणखी खाली येतो, हे तिने लगेच करून दाखवलं.

म्हणजे पाइप कापताना वाजवणाऱ्याचे ओठही मोजायला लागणार.

२ फेब्रुवारी

सप्तक कापलं. पेटीच्या पट्ट्यांऐवजी शुद्ध स्वरांची गुणोत्तरं घेतली: रे ९/८, ग ५/४, म ४/३, प ३/२, ध ५/३, नी १५/८. सा ची हवा १६.५ सेंटिमीटर, बाकीच्यांची त्या गुणोत्तराने भागून काढली आणि प्रत्येकातून आठ मिलिमीटर वजा केले. कापलेले पाइप असे: सा १५.७, रे १३.९, ग १२.४, म ११.६, प १०.२, ध ९.१, नी ८.०, वरचा सा साडेसात.

प्रत्येक पाइप दोन मिलिमीटर जास्त कापून कानशीने उतरवत आणला. कानस मारलेला पाइप वर चढवता येतो, खाली आणता येत नाही. गुल्ली मागे सरकवावी लागते. गंधाराला सगळ्यात जास्त वेळ गेला. पेटीचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा १४ सेंट चढा असतो आणि भाचीचा कान पेटीवर बसलेला. तानपुऱ्याचं ॲप लावून तासभर ऐकवल्यावर तिलाच पेटी चढी वाटायला लागली. तिच्या पेटीच्या बाई मला काय म्हणतील, देव जाणे.

९ फेब्रुवारी

प्रदर्शन झालं. गर्दी आठ पाइपांपेक्षा निम्म्या पाइपाच्या प्रयोगाला जास्त. बक्षीस शेजारच्या टेबलावरच्या ज्वालामुखीला. काम थांबवायचं नाही असं दोघांचंही मत.

१६ फेब्रुवारी

गल्लीतले बँडवाले काका क्लॅरिनेट घेऊन आले. लग्नसराई आहे, पण रविवारी दुपारी मोकळे होते. त्यांचा सवाल जुना आहे: सनई त्यांच्या क्लॅरिनेटपेक्षा आखूड, मग क्लॅरिनेट एवढं खाली कसं जातं? निव्वळ लांबीत हे बसत नाही.

क्लॅरिनेटची लांबी साधारण ६६ सेंटिमीटर, धातूची आडवी इंग्रजी बासरी ६७. दोघी जवळपास सारख्याच. तरी बासरीचा सगळ्यात खालचा स्वर २६२ हर्ट्झ आणि क्लॅरिनेटचा १४७. कारण बासरी फुंकायच्या भोकाशी उघडी असते, क्लॅरिनेट पत्तीच्या बाजूने बंद. आमच्या गुल्लीच्या पाइपासारखंच. काकांनी अंगठ्याची चावी दाबून स्वर वर उडवला. सा चा वरचा सा झाला नाही, त्याच्यापुढचा पंचम झाला. भाचीने आपला सा चा पाइप जोरात फुंकला. त्यानेही तीच उडी मारली. बंद नळीत लहरीचे एक, तीन, पाच असे विषम भागच बसतात, दुसरा भाग गाळला जातो. काका तीस वर्षं ती चावी दाबताहेत. म्हणाले, "म्हणून वरच्या घरातली बोटं वेगळी शिकावी लागली होय!"

मग सनई? तिलाही पत्ती आहे, तीही एका टोकाला बंद. पण ती जोरात फुंकली की सरळ वरच्या सा ला जाते. फरक आकाराचा. क्लॅरिनेटची नळी सरळ, सनईची पत्तीपासून भोंग्यापर्यंत रुंदावत जाणारी. यावर पुढच्या रविवारी.

२३ फेब्रुवारी

शंकू आणायला कुठे जावं लागलं नाही. शेडमध्ये सुताचे रिकामे कागदी कोन पोत्याने पडलेले असतात. एक घेतला: लांबी साडेसतरा सेंटिमीटर, बारीक तोंड तीन सेंटिमीटर, रुंद तोंड ६.६. बारीक तोंडावर तळहात दाबून आपटला. शेजारी तेवढ्याच लांबीचा पाइप एका तोंडावर हात आपटून वाजवला. पाइप ४८० हर्ट्झच्या आसपास, कोन ६०० च्या आसपास. भाचीच्या भाषेत पाइप सा, कोन शुद्ध गंधार. लांबी तीच, बंद टोकही तसंच. कागद मऊ आहे, सूर पटकन विझतो, तरी दहा वेळा आपटा, गंधारच येतो.

समजलं ते असं. शंकूत लहर टोकापासून पसरत जाते आणि पसरताना तिचा दाब अंतराच्या प्रमाणात कमी होतो. पूर्ण शंकू, अगदी अणकुचीदार टोकापर्यंतचा, घेतला तर गणितात तो दोन्हीकडून उघड्या पाइपासारखा वागतो: त्याच लांबीच्या बंद नळीपेक्षा एक सप्तक वर, आणि लहरीचे सम-विषम सगळे भाग हजर. आमच्या कोनाचं टोक बरंच कापलेलं आहे, म्हणून तो सप्तकभर चढला नाही, गंधाराशी थांबला. सनईचं टोक फार थोडं कापलेलं असतं आणि तेवढी जागा पत्ती भरून काढते. पत्ती आणि तिची नळी मिळून कापलेल्या टोकाएवढी हवा सांभाळत नसतील, तर खालचं आणि वरचं सप्तक एकमेकांशी जुळत नाही. सनईवाले पत्तीवर एवढा वेळ का घालवतात त्याचं एक कारण हे.

सोलापुरात हा विषय निघाला की सुंद्रीचं नाव यायचंच. सनईच्याच घडणीची, पण बरीच आखूड, म्हणून स्वर वरचा. सिद्धराम जाधव आणि त्यांच्या घरातल्या पुढच्या पिढ्यांनी ती मैफलीत वाजवली. आखूड शंकूत भोकं जवळजवळ येतात. एका बोटाच्या जरा सरकण्याने स्वर सनईपेक्षा जास्त हलतो, म्हणून सुंद्री सुरात ठेवणं हे सनईहून कठीण काम.

२ मार्च

काकांनी आज ट्रम्पेट आणला. याची नळी उलगडली तर १४८ सेंटिमीटर. त्यावर तीन बटणं. प्रत्येक बटण दाबलं की नळीचा एक जादा वळसा जोडला जातो. मधलं बटण अर्धा स्वर उतरवतं, पहिलं एक स्वर, तिसरं दीड.

भाचीला हिशेब दिला. अर्ध्या स्वरासाठी लांबी ५.९५ टक्के वाढायला हवी: ८.८ सेंटिमीटर. एका स्वरासाठी १२.२५ टक्के: १८.१. आता दोन्ही बटणं एकदम दाबली तर २६.९ जोडले गेले. पण दीड स्वर उतरायला लागतात २८. एक सेंटिमीटर कमी पडतो, कारण मधल्या बटणाचा वळसा १४८ च्या नळीसाठी कापलेला होता आणि पहिलं बटण दाबल्यावर नळी १६६ ची झाली. टक्केवारी लांबीवर असते, वळसा मात्र ठरलेल्या मापाचा. तिन्ही दाबली तर साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास तूट येते आणि स्वर जवळपास पाव स्वर चढा लागतो. म्हणूनच चांगल्या ट्रम्पेटच्या तिसऱ्या वळशाला कडी असते. वाजवताना बोट घालून तो बाहेर सरकवतात. काकांच्या ट्रम्पेटची कडी गंजून बसली आहे. "आम्ही ओठानं ओढतो खाली," म्हणाले. आठ मिलिमीटरांतले तीन ओठांचे होते, ते आठवलं.

१६ मार्च

गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर घेतलेली बांबूची बासरी मोजली. सहाही भोकं झाकली की खालचा पंचम, वरची तीन झाकली की सा. सूत्राने सा चं भोक जिथे यायला हवं, त्यापेक्षा ते फुंकायच्या भोकाकडे सरकलेलं आहे. भोक म्हणजे नळी तिथे कापणं नव्हे. भोक लहान असेल तर हवा त्याच्यापुढेही थोडी डोलते. भोक जेवढं लहान, तेवढी हवेची लांबी जास्त आणि स्वर उतरलेला. म्हणून बासरी करणारा भोक आधी लहान पाडतो आणि पोखरत पोखरत स्वर चढवत नेतो. बोटाने अर्धं झाकून कोमल स्वर निघतो तोही याच हिशेबाने. उघड्या भोकाच्या खालचं भोक झाकलं तरी वरचा स्वर जरासा उतरतो. भाचीला हे माहीत होतं, कारण माहीत नव्हतं.

पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी बासरी ३२ इंचांपर्यंत लांबवली आणि खर्जातली मैफल शक्य केली. एवढ्या लांबीत खरी अडचण बोटांची: लांबी वाढली की भोकांमधलं अंतरही त्याच प्रमाणात वाढतं, हात मात्र तेवढाच राहतो.

६ एप्रिल

शेडमधले एक आजोबा पूर्वी गिरणीत होते. पाइप बघून त्यांनी भोंग्याचा विषय काढला. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, १८७७ ची, सगळे जुनी गिरणीच म्हणतात. वाफेचा भोंगा म्हणजे उपडी घातलेली बंद नळीच: वर बंद, खाली काठावर वाफेची चपटी धार. म्हणजे इथेही पाव लहर.

आजोबांचं म्हणणं, पहाटे पहिला भोंगा घोगरा आणि खालचा निघायचा, मग चढत चढत आपल्या जागी यायचा. ते बरोबरच असणार. १०० अंशांच्या वाफेत आवाज सेकंदाला सुमारे ४७० मीटर जातो, हवेत ३४६. थंड भोंग्यात सुरुवातीला हवा आणि पाणी भरलेलं, वाफ पूर्ण भरेपर्यंत स्वर खालीच. नळी एक सूतभरही बदललेली नसते. तोच भोंगा काँप्रेसरच्या हवेवर वाजवला तर सा ते म एवढ्या अंतराहून थोडा जास्तच खाली उतरेल.

लांबी ठरली की स्वर ठरला, असं मी आता कोणाला सांगत नाही. आत काय भरलंय तेही विचारायचं.

४ मे

ऊन. हीच परीक्षा बाकी होती. पहाटे गच्चीवर २६ अंश, दुपारी तीनला ४२. सा चा पाइप दोन्ही वेळा फक्त तळहाताच्या थापेने वाजवला, फुंकर नाही, म्हणजे आतली हवा बाहेरच्याच तापमानाची. पहाटे ५३६, दुपारी ५५१. ४८ सेंट, निम्मा अर्धस्वर, फक्त उन्हाने. पीव्हीसी उन्हात वाढतो खरा, पण या पाइपात ती वाढ मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढीही नाही, आणि ती स्वर उतरवणारी. चढ सगळा हवेचा.

फुंकलेला पाइप तेवढा चढला नाही, बासरी तर त्याहूनही कमी. फुंकर अंगाच्या उष्णतेची असते. जानेवारीतल्या पहाटे ती बासरी तापवते, मेच्या दुपारी फारसा फरक करत नाही. पेटी मात्र उलटी जाते: उन्हात पितळी पत्तीचा ताठपणा थोडा कमी होतो आणि स्वर किंचित उतरतो. पेटी आणि बासरी सोबत असली की मेमधल्या दुपारचा कार्यक्रम सुरात ठेवणं म्हणजे वाजवणाऱ्याची कसोटी. आयोजक मांडवात पंखे लावतात ते माणसांसाठी. वाद्यांसाठी लावले तरी चालेल.

११ मे

पाइप उन्हाप्रमाणे जुळवता यायला हवेत. ठोकलेल्या गुल्ल्या काढल्या, त्याजागी सुती पट्टी गुंडाळून मेण लावलेले सरकते दट्टे घातले. सा ला २६ वरून ४२ अंशांसाठी दट्टा ४.७ मिलिमीटर मागे घ्यावा लागतो, वरच्या सा ला त्याच्या निम्मा. सगळे एकसारखे सरकवून चालत नाही. प्रत्येकाची सरक त्याच्या हवेच्या लांबीच्या प्रमाणात.

हे काम मागावर रोज करतो. एक आडवी पट्टी घ्यायची, एका टोकाला बिजागरी. बिजागरीपासून जेवढं लांब, तेवढी सरक जास्त. पाइप बिजागरीपासून आपापल्या हवेच्या लांबीच्या चौपट अंतरावर बसवायचे: सा ६६ सेंटिमीटरवर, प ४४ वर, वरचा सा ३३ वर. दुप्पट-तिप्पट अंतरावर पाइप एकमेकांना घासतात, चौपटीत सगळ्यात जवळच्या नी आणि वरच्या सा मध्येही दोन मिलिमीटर जागा उरते. पट्टी हलवली की आठही दट्टे बरोबर आपापल्या हिश्शाने सरकतात.

१८ मे

पट्टी बसवली. सा च्या टोकाला आठ एमएमचा बोल्ट, एका फेऱ्याला सव्वा मिलिमीटर. पहाटेपासून दुपारपर्यंतच्या उन्हाला पावणेचार फेरे लागतात. हे माप थापेच्या पाइपाचं; फुंकायचं असेल तर थोडे कमी, किती ते भाची कानाने ठरवते. तिने बोल्टच्या डोक्यावर नेलपॉलिशने खूण केली आहे आणि बाजूच्या लाकडावर अंश लिहिलेत, २६ पासून ४४ पर्यंत. काकांनी सगळं बघून विचारलं, ट्रम्पेटच्या त्या कडीला असलं काही बसेल का. कडी सुटी करायला त्यांनी ट्रम्पेट शेडमध्ये ठेवला आहे. रॉकेल लावून रात्रभर मुरायला ठेवलाय.